माझा चेहरा बादलीवर नको

आमच्या इजेबू-ओडे गावात माणूस दोनदा मरतो. एकदा नेहमीसारखा, आणि दुसऱ्यांदा त्याचा फोटो छापलेली प्लास्टिकची बादली तळातून फुटते तेव्हा. मधली सगळी वर्षं तो बिचारा कोणाच्या तरी न्हाणीघरात हसत उभा असतो.

कारण असं, की आमच्याकडे बारसं असो, लग्न असो, वास्तुशांत असो की अंत्यविधी, पाहुण्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. ज्याचा समारंभ त्याचा चेहरा छापलेलं काहीतरी पाहुण्याच्या हातात कोंबायचं. बादली, वाडगा, ट्रे, मग. माझ्या घरी भाजी चिरायच्या ट्रेवर एक निवृत्त न्यायाधीश आहेत. मी रोज त्यांच्या विगवर कांदा चिरतो. ज्या मगातून मी चहा पितो त्यावरच्या जोडप्याने कधीच काडीमोड घेतला, पण माझ्या फडताळात ती दोघं अजून गळ्यात गळे घालून उभी आहेत.

शिवाय कापड. पार्टी ठरली की घरची माणसं एक कापड निवडतात आणि बोलावलेल्या प्रत्येकाने तेच विकत घेऊन, शिवून, घालून यायचं. ह्याला आम्ही अशो-एबी म्हणतो. मांडवात कोणी कुठे बसायचं, कोणाच्या ताटात माशाचं डोकं आणि कोणाच्या ताटात शेपूट, हे कापडावरून ठरतं. पार्टी संपली की कापड कपाटात जातं ते जातंच, कारण पुढच्या शनिवारी दुसरी पार्टी आणि दुसरं कापड. इजेबूच्या बायकांची कपाटं उघडताना शेजाऱ्याला मदतीला बोलवावं लागतं, आणि बंद करताना दोन शेजाऱ्यांना.

अशा गावात देवाने इया बांडेलेला जन्माला घातलं. देवालाही कधी कधी करमत नसावं.

इया म्हणजे आई. बांडेलेची आई म्हणून इया बांडेले. तिचं स्वतःचं नाव अजिके, पण त्या नावाने हाक मारण्याइतकं जुनं माणूस गावात एकच उरलं होतं, आणि ह्या गोष्टीतली सगळी भानगड त्याच माणसाची आहे. इया बांडेले पानं विकते. रानातली रुंद, गुळगुळीत, हिरवीगार पानं, ज्यांत आम्ही गरम भात बांधतो आणि वाटलेली डाळ घालून मोईन-मोईन उकडतो. पानातला भात उघडला की जो वास येतो त्याच्यापुढे मी लाचार आहे. ह्या पानांवर तिने बांडेलेला शिकवला, लागोसला पाठवला, आणि तिथे तो इतका मोठा झाला की आता तो भात प्लास्टिकच्या डब्यातून खातो.

मी तिचा शेजारी. गावच्या पार्ट्यांमध्ये माइक धरून बडबड करणं हा माझा धंदा, म्हणून मला सगळे एमसी म्हणतात. भिंतीला भिंत असल्यामुळे तिच्या घरात काय चालतं ते मला बघावं लागत नाही, ऐकूच येतं. ती वस्तूंशी बोलते. एखादी गोष्ट मोडली, फाटली, गळायला लागली, की ती समोर ठेवते, कमरेवर हात ठेवते आणि विचारते, "अजून काय येतं तुला?" आणि उत्तर मिळेपर्यंत टाकत नाही. तिची छत्री मोडली तेव्हा छत्रीला अजून बरंच काही येत होतं. कापडाचं कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर झालं, काड्यांवर मांस भाजलं गेलं आणि दांडा घेऊन ती माझ्या बकरीला हाकलायला लागली. अंगावरचा कपडा तिच्याकडे फाटला की उशीचा अभ्रा होतो, अभ्रा विरला की पानांच्या ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ होते, चुंबळ चेपली की पोतेरं होतं, आणि पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्या की त्या केळीच्या बुंध्याशी जातात. आमच्या गल्लीतली सगळ्यात चांगले कपडे घातलेली केळ तिची आहे. नायलॉनच्या पिशव्या ती धुते आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालते. वारा सुटला की त्या अशा फुगतात, की गल्लीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, इथे भुतांचा धोबी राहतो.

आणि तिच्या दुकानाच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे, अल्हाजा सिफावूचं दुकान. मक्केला जाऊन आलेली, भरदार, सोन्याच्या दाताची बाई. ती बादल्या विकते. फोटो छापलेल्या बादल्या, वाडगे, मग, ट्रे, सगळं. गावातला प्रत्येक हसरा चेहरा आधी अल्हाजाच्या हाताखालून जातो. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. एकाच विहिरीवर पाणी भरलं, एकाच गुरुजींचा मार खाल्ला, आणि रोज सकाळी दुकान उघडलं की रस्त्याच्या दोन बाजूंनी एकमेकींशी भांडायला बसायच्या. ते भांडण ऐकायला लोक वाट वाकडी करून यायचे. दोघींपैकी एक आजारी असली की त्या दिवशी बाजार मुका.

तर इया बांडेलेची सत्तरी जवळ आली आणि बांडेले लागोसहून गाडी घेऊन आला. मी तिथेच होतो. भिंतीला भिंत आहे म्हणून नव्हे, पानातला भात होता म्हणून.

"इया, डोळे मीट," बांडेले म्हणाला.

"का? काय उचलून न्यायचंय?"

"मीट तर खरं."

तिने एक डोळा मिटला. बांडेलेने तिच्यापुढे एक गुलाबी बादली ठेवली. बादलीवर इया बांडेलेच, डोक्याला चकचकीत फेटा बांधलेली, बांडेलेच्या लग्नातल्या फोटोतली. तिने बादली एकदा उजवीकडून बघितली, एकदा डावीकडून, मग आत डोकावून बघितलं.

"ही बाई कोण?"

"तू. हा नमुना आहे. अल्हाजा सिफावूने स्वतः हौसेने करून दिलाय. तू हो म्हणालीस की सगळ्या गावाला पुरतील इतक्या करायला सांगतो. कापडही बघून ठेवलंय, पोपटी जाळीचं."

ती उठली, मागचं दार उघडलं आणि आम्हा दोघांना हाताने बोलावलं. अंगणात एक बकरी एका पसरट वाडग्यातून पाणी पीत होती. वाडग्याच्या तळाशी चीफ ओडुसोगा हसत होते. त्यांच्या अंत्यविधीला अख्खं इजेबू लोटलं होतं.

"हे कोण?" तिने विचारलं.

"चीफ ओडुसोगा," बांडेले म्हणाला.

"ह्यांच्या दारात चप्पल घालून जायची कोणाची छाती नव्हती. आता बघ, बकरी मिशी चाटतेय. आणि ही बकरी तरी बरी. माझी बादली कुठे जाईल? कोण तिच्यात पाय बुडवेल, कोण पोराचे लंगोट भिजवेल? सत्तर वर्षं मी कोणाला पायाशी उभं केलं नाही आणि कोणाच्या पायाशी उभी राहिले नाही. माझा चेहरा बादलीवर नको."

बकरी माझी होती आणि वाडगाही. मी आकाशाकडे बघत राहिलो.

त्याच बसल्या जागी तिने आपली पार्टी ठरवली. नवं कापड कोणी घ्यायचं नाही. ज्याच्या कपाटात जे जुनं अशो-एबी पडलंय ते घालून या. पाणी प्यायला आपापला मग घरून आणा, ज्याचा चेहरा असेल त्याचा चालेल. जेवण पानात. जाताना भेट म्हणून काही मिळणार नाही.

बांडेले खाली बसला. बादलीवरच बसला.

"इया, कोणी येणार नाही."

"का नाही येणार? लोक माझ्यासाठी येतात की बादलीसाठी?"

बांडेलेने माझ्याकडे बघितलं, मी बांडेलेकडे. आम्हा दोघांनाही उत्तर माहीत होतं आणि ते तिच्या बाजूचं नव्हतं.

"मला तेच बघायचंय," ती म्हणाली आणि बांडेलेला बादलीवरून उठवून बादली अल्हाजाकडे परत पाठवली.

आमच्याकडे माणसाची किंमत त्याच्या मांडवात कळते. मांडव भरला तर तुम्ही जगलात. रिकामा राहिला तर तुमच्या पोरांना, नातवंडांना पुढे ऐकवतात, अरे, तुमच्या आजीच्या सत्तरीला खुर्च्याच खुर्च्यांशी बोलत बसल्या होत्या. हे इया बांडेलेला माहीत नव्हतं असं नाही. ती दुसऱ्या दिवशी बाजारात गेली ती पाठ एकदम ताठ करून. अल्हाजा सिफावू मांडी ठोकून तयारच होती.

"अजिके, ऐकते ते खरं का?" रस्त्यापलीकडून आवाज आला.

"तू काय ऐकतेस त्यावर आहे. तुझा उजवा कान गेलाय."

"तू म्हणे पाहुण्यांना भिकाऱ्यासारखं रिकाम्या हाताने घरी पाठवणार."

"पोट भरून पाठवणार. हात मोकळे असले की माणूस नाचत जातो."

"तुला तुझी पानं खपवायचीत, दुसरं काही नाही."

"आणि तू बादल्या काय पुण्यासाठी विकतेस?"

बाजार हळूहळू जमा झाला. टोमॅटोवाली वजन करायची थांबली.

"माझी बादली पिढ्यान् पिढ्या टिकते," अल्हाजा म्हणाली. "तुझं पान संध्याकाळपर्यंत मरतं."

"तेच त्याचं चांगलं आहे. जायची वेळ झाली की त्याला कळतं. तुझ्या बादलीला कळत नाही, आणि तुलाही नाही."

बाजार खदखदून हसला, आणि तिथेच घोटाळा झाला. त्या दोघी एकमेकींना ह्याहून वाईट बोललेल्या मी ऐकल्या आहेत. पण आदल्या पावसाळ्यात अल्हाजा महिनाभर अंथरुणावर होती, आणि तेव्हा तिला रोज पानातली पेज पाजायला हीच बाई जात होती. जिच्या हातून पेज प्यायली तिनेच मरणावरून सगळ्यांदेखत टोमणा मारावा, हे तिला लागलं. सोन्याचा दात दिसेनासा झाला.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "बादलीशिवाय पार्टी म्हणजे नुसती मीटिंग. त्या शनिवारी मी दुकान उघडं ठेवणार. आणि माझ्या ओळखीचं कोणी तिथे जाताना दिसलं तर त्याच्या पुढच्या बारशाला मी फुटका मगसुद्धा देणार नाही."

ही धमकी साधी नव्हती. इजेबूत सगळेच अल्हाजाच्या ओळखीचे.

त्यानंतर दोन्ही दुकानांमध्ये नुसता रस्ता उरला. लोक सवयीने सकाळी यायचे, उभे राहायचे, वाट बघायचे आणि खांदे पाडून निघून जायचे. इया बांडेले पानं पुसायची, अल्हाजा बादल्या पुसायची, आणि दोघी एकमेकींकडे न बघण्यात इतकी मेहनत घ्यायच्या की संध्याकाळी माना दुखायच्या. घरी मात्र भिंतीपलीकडून मला रोज विचारणा व्हायची.

"एमसी, लोक काय म्हणतात?"

"येतील म्हणतात."

"ती?"

"तिचं काही कळत नाही."

"न येऊन जाते कुठे," ती म्हणायची. मग थोड्या वेळाने भिंतीपलीकडून बारीक आवाजात, "येईल ना रे?"

बांडेलेने एका बाबतीत हट्ट धरला: दारावर आईचा मोठा फलक पाहिजे. ती म्हणाली, असला तर जुना. चर्चच्या पडवीत चीफ ओडुसोगांच्या अंत्यविधीचा फलक गुंडाळून पडला होता, चांगला दारभर. रंगाऱ्याने त्यातले चीफ पांढरे केले, जुनी अक्षरं पुसली आणि मधोमध इया बांडेलेचा फोटो डकवला. कोपऱ्यांतले दोन देवदूत, उडणारी कबुतरं आणि जळत्या मेणबत्त्या तशाच राहिल्या. "इतकी चांगली कबुतरं कशाला पुसायची," ती म्हणाली. मलाही ते पटलं. कबुतरं खरंच चांगली होती.

शनिवार उजाडला. रस्त्यावर मांडव, मांडवात खुर्च्या, मागच्या अंगणात पातेली. इया बांडेले मागेच होती. जुनं निळं लुगडं कंबरेला खोचून, बायकांना घेऊन पानात भात बांधत होती. मी माइक घेऊन उभा होतो, पण माइक मुका होता. जनरेटर लावायचा नाही, असा हुकूम होता. "खुर्च्यांना भाषण ऐकवायला डिझेल जाळू नका. माणसं येऊ देत."

आणि माणसं येत नव्हती. आता आमच्याकडे बाराची वेळ दिली की माणूस दोनला आंघोळीला जातो हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे रिकामा मांडव बघून पाहुणे उशिरा येणार आहेत की येणारच नाहीत हे सांगता येत नाही. बांडेले खुर्च्या सरळ करत होता. सरळ केलेल्या पुन्हा सरळ करत होता.

मग निवृत्त पोस्टमास्तर आले. गडद वांगी रंगाचा, पायघोळ, जाळीच्या कापडाचा झगा घालून. चीफ ओडुसोगांच्या अंत्यविधीचं कापड. "म्हटलं, हे कोणाच्या लक्षात येणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या मागून चर्चच्या गायकवृंदातल्या दोन बायका आल्या. वांगी. मग शिंपी आणि त्याची बायको. वांगी आणि वांगी. मग एक अख्खं कुटुंब रस्त्याच्या वळणावरून आलं आणि लांबून वाटलं, वांग्यांचं शेतच चालत येतंय.

मी विचार केला तेव्हा उलगडा झाला. प्रत्येकाने सकाळी कपाट उघडलं होतं. लग्नांची कापडं अंगाबरोबर बेतलेली, आणि अंग कोणाचंच जागेवर राहिलेलं नाही. एकट्या चीफच्या अंत्यविधीला घरच्यांनी सैल झगा शिवायला सांगितलं होतं. ते कापड गावातल्या प्रत्येकाने घेतलं होतं, ते प्रत्येकाला होत होतं, आणि प्रत्येकाला वाटलं होतं की हे आपल्याला एकट्यालाच सुचलं. मांडवात शिरल्यावर ते एकमेकांकडे बघून आधी चपापले, मग हसत सुटले. अर्धा मांडव भरला. अल्हाजाची धमकी बहुतेकांना झगा घातल्यावर आठवली, आणि घातलेला झगा इजेबूचा माणूस परत काढत नाही. मला आनंदाने उडी मारावीशी वाटत होती.

तेवढ्यात ढोलवाला आयानदोकुन आला. आमचा ढोल बोलतो. ज्याला ऐकता येतं त्याला शब्दन् शब्द कळतो, आणि इजेबूत सगळ्यांना ऐकता येतं. आयानदोकुन मोठा कलावंत, पण त्याचे हात आधी कापड बघतात, डोकं मागाहून पोहोचतं. त्याने वांगी झगे बघितले, दारावरचे देवदूत बघितले, आणि त्याच्या हातांनी ओळखलं की आपल्याला इथे काय वाजवायचंय. ढोल बोलू लागला: घराचा खांब निघाला, ओट्यावरची जागा ओस पडली, आता आम्ही कोणाच्या सावलीत बसू.

"अरे, हे नाही. वाढदिवस आहे," मी माइकमध्ये ओरडलो. माइक मुका. आणि बसलेल्या लोकांचं काय सांगू, त्या झग्याला आयुष्यात दुसरं गाणं माहीतच नव्हतं. झगे डोलायला लागले, झग्यांमधली माणसंही डोलायला लागली, आणि गायकवृंदातल्या दोघींनी डोळे मिटून अंत्यविधीचं स्तोत्र धरलं. मागच्या अंगणात, भाताच्या वाफेत आणि बायकांच्या गप्पांत, इया बांडेलेला ह्यातलं काही ऐकू गेलं नाही.

नेमका तेव्हा एक ओकाडावाला, म्हणजे भाड्याने मोटरसायकल चालवणारा, रस्त्यावरून चालला होता. त्याने झगे बघितले, ढोल ऐकला, मग फलकाकडे बघितलं: मेणबत्त्या, कबुतरं, आणि मधोमध पानवाली इया बांडेले. त्याने टोपी काढली, छातीला लावली, गाडी वळवली आणि बाजाराकडे सुसाट निघाला. मी हात वर करून त्याच्यामागे धावलो. त्याला वाटलं, मी दुःखाने धावतोय. त्याने वेग वाढवला.

पुढच्या थोड्या वेळात जे झालं ते आमच्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. बाजाराच्या बाजूने एक आवाज उठला, तो जवळ येत गेला, वळणावर आला, आणि बघतो तर अख्खा बाजार रडत येत होता. टोमॅटोवाली, मासळीवाली, मीठवाली, डोक्याचे फेटे सुटलेले, हात डोक्यावर. जे अल्हाजाला भिऊन घरी बसले होते तेही धावत आले, कारण मेलेल्या माणसाच्या दारी जायला कोणाच्या धमकीची भीती नसते. आणि सगळ्यांच्या पुढे, त्याच ओकाडावर मागे बसून, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, अल्हाजा सिफावू. हातात गुलाबी बादली. तोच नमुना. तिने तो कधी मोडीत काढलाच नव्हता.

बांडेले तिला बघून पळत आला आणि वडीलधाऱ्या बाईपुढे पडतात तसा साष्टांग पडला. "अल्हाजा, ऐका, इया..."

"बोलू नकोस, पोरा. ऊठ. तुझी आई गेली, तू जमिनीवर लोळू नकोस, ते माझं काम आहे," ती म्हणाली आणि फलकाखाली जमिनीवर बसली. बादली मांडीवर घेतली आणि त्या बादलीतच रडायला लागली. आयानदोकुनने ढोल हळू केला. रडणाऱ्याच्या मागे ढोल कसा धरायचा हे त्याला बरोबर कळतं.

"अजिके, ए अजिके, अशी कशी गेलीस न भांडता? उद्या मी येणार होते. आज नाही आले, उद्या येणार होते, माझी अढी तेवढी एक दिवसाची होती. पेज कोण पाजणार मला? रस्त्यापलीकडे कोण बसणार? अगं, तू म्हणालीस ते खरं होतं. माझी बादली कोणाची झाली नाही. मी माझ्या घरात प्लास्टिकच्या डब्यात कधी जेवले नाही, अजिके. मी मोलकरणीला पाठवून तुझीच पानं आणवायची. चोरून. पानात बांधल्याशिवाय भात गळ्याखाली उतरत नाही माझ्या."

मांडवातली अल्हाजाची नेहमीची गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघत होती.

आणि त्याच वेळी घराच्या दारात इया बांडेले आली. गोंगाट ऐकून आली होती, हातात पानात बांधलेल्या भाताचा ढीग. अल्हाजाची तिच्याकडे पाठ होती. आम्ही सगळ्यांनी तोंड उघडलं. इया बांडेलेने भाताच्या ढिगामागून एक बोट वर केलं: गप्प. मग ती पुढे आली, अगदी मैत्रिणीच्या मागे उभी राहिली, आणि मान तिरकी करून ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे सुख होतं ते मी कुठल्याच बादलीवर बघितलेलं नाही.

"आणि ती निळ्या परकराची गोष्ट," अल्हाजा हुंदका देऊन म्हणाली, "विहिरीवरून तुझा परकर पळवला होता तो मीच. तू आपल्या वर्गातल्या रांटीवर आळ घेतलास. मी गप्प बसले."

"अजून काय?" मागून आवाज आला.

"अजून, तू म्हणालीस ना, मला जायची वेळ कळत नाही म्हणून, तर मी..." अल्हाजा थांबली. हळूहळू मान वळवली. आधी लुगडं बघितलं, मग भात, मग चेहरा.

आयानदोकुनचा ढोल थांबला.

"तू मेली नाहीस," अल्हाजा म्हणाली.

"नाही गं. राहून गेलं."

"मी बाजारापासून इथपर्यंत रडत आले. एक चप्पल हरवली. लोकांना नको ते सांगून बसले. आणि तू उभी." तिने बादलीत बघितलं. "एवढं सगळं रडणं वाया गेलं माझं."

"वाया कशाला जातंय? जपून ठेव," इया बांडेले म्हणाली. "पुढे कधीतरी लागेलच."

आधी अल्हाजाचा सोन्याचा दात दिसला. मग ती हसली, मग हसता हसता रडली, मग तिने भाताचा एक पुडा घेऊन इया बांडेलेच्या दंडावर हाणला, आणि मग अख्खी गल्ली अशी हसली की माझी बकरी दावं तोडून पळाली. बांडेलेने जाऊन जनरेटर लावला. माझा माइक जिवंत झाला, पण बोलायला काही उरलंच नव्हतं, म्हणून मी नुसता हसलो, ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. आयानदोकुनच्या डोक्यात एकदाचा उजेड पडला आणि त्याने वाढदिवसाचा ढोल असा धरला की आधीचं उट्टं निघालं. जे नाचायला आले होते ते नाचले. जे रडायला आले होते ते त्याहून जास्त नाचले, कारण त्यांना एक माणूस परत मिळालं होतं. खुर्च्या कमी पडल्या. भात कमी पडला. पानं मात्र पुरली, ती तिच्या दुकानातून येत राहिली.

त्या सगळ्या वांगी गर्दीत एकटी अल्हाजा घरच्या साध्या लुगड्यात होती. आमच्या रिवाजाप्रमाणे वेगळं कापड म्हणजे परका माणूस, त्याला कोपऱ्यात बसवायचं. इया बांडेलेने तिला आपल्या शेजारी बसवलं आणि एकच मोठं पान दोघींच्या मध्ये पसरलं. दोघी जेवल्या. अल्हाजाने माशाचं डोकं आधी उचललं, आणि त्यावरून लगेच भांडण झालं, तेव्हा मला कळलं की सगळं ठीक झालंय.

सगळे पांगले तेव्हा रस्ता झाडायची वेळच आली नाही. सगळी पानं अंगणात एका ढिगात गेली होती आणि बकऱ्या ढिगावर जेवायला बसल्या होत्या. माझी बकरी तेवढ्यासाठी परत आली.

अल्हाजा उठली, बादली उचलली. इया बांडेलेने बादलीवरच्या आपल्या चेहऱ्याकडे बघितलं.

"ही कुठे नेतेस? मी सांगितलं होतं ना, बादलीवर नको."

"न्हाणीघरात नाही नेत. घाबरू नकोस."

"मग?"

"दुकानात ठेवते, माझ्यासमोर. तू पानं आणायला रानात जातेस तेव्हा भांडायला कोणीतरी लागतं."

इया बांडेलेने कमरेवर हात ठेवले, बादलीला नीट न्याहाळलं आणि तिला विचारलं, "येतं का तुला?"

बादलीला येत असावं. अल्हाजा आजही इतरांच्या बादल्या विकते, आणि इया बांडेले तिला रस्त्यापलीकडून रोज त्यावरून ऐकवते. तिकडे पार्ट्यांमध्ये जुनी कापडं दिसायला लागली आहेत, वांगी झगा तर आता गावचा गणवेशच झालाय. इया बांडेले रानात गेलेली असली की अल्हाजा गुलाबी बादली समोरच्या स्टुलावर ठेवते आणि हातवारे करून बोलत बसते. लोक पुन्हा वाट वाकडी करून ऐकायला येतात. बादली गप्प असते, आणि म्हणूनच, अल्हाजा म्हणते, ती अजिकेपेक्षा जास्त वेळा जिंकते.